खेळणाऱ्या मुलाची टाच दुखतेय? आधी त्याचा आठवडा मोजा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे, फुटबॉलचं वेड. चार महिन्यांपासून दोन्ही टाचा मागच्या बाजूला दुखतात, उजवी जास्त, सुट्टीत कमी. मॅच झाली की चवड्यांवर चालतो. एक्स-रे काढला, रिपोर्टमध्ये टाचेच्या हाडाचे तुकडे दिसतात असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी सहा आठवडे खेळ पूर्ण बंद सांगितला. त्याचे सर म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, खेळू दे. सासूबाई रोज विटेवर रुईचं पान ठेवून शेक देतात. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. अकॅडमी आठवड्यातून तीनच दिवस असते, दीड-दीड तास. बाकी शाळेच्या टीमची सकाळची प्रॅक्टिस मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवारी तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांबरोबर तीन तास मैदानावर. अकॅडमी नसली की संध्याकाळी बोळात तासभर खेळतोच. काय करावं? मे महिन्याच्या कॅम्पचे पैसे भरायचे का?"

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून नव्वद टक्के चित्र स्पष्ट होतं. वय ११, दुखणं टाचेच्या मागच्या बाजूला, खेळल्यावर वाढतं, सुट्टीत कमी होतं, दोन्ही पायांना आहे, मॅचनंतर चवड्यांवर चालतो. याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. बॉस्टनच्या जेम्स सेव्हर नावाच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. 'डिसीज' ऐकून घाबरू नका. हा रोग नाही, संसर्ग नाही, हाड ठिसूळ झालेलं नाही. उरलेले दहा टक्के मात्र प्रत्यक्ष पाय हातात घेतल्याशिवाय कुणीच भरू नयेत, मीसुद्धा नाही. तेव्हा खाली जे लिहिते ते वाचून तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवाच.

आत काय चाललंय ते आधी बघू. लहान मुलाच्या टाचेचं हाड अखंड नसतं. त्याच्या मागच्या टोकाला हाडाचा एक वेगळा तुकडा असतो आणि मुख्य हाड व तो तुकडा यांच्यामध्ये कूर्चेची पट्टी असते, तीच ग्रोथ प्लेट. या मागच्या तुकड्याला वरून पोटरीचा स्नायू टाचेच्या जाड शिरेने (ॲकिलिस टेंडनने) ओढत असतो आणि खालून तळव्याचा पडदा ओढत असतो. शिवाय प्रत्येक पावलाला खालून जमिनीचा दणका बसतो तो वेगळाच. नवीन स्लॅब वरून टणक दिसतो, पण पाणी मारायच्या दिवसांत त्याच्यावर वजन टाकत नाहीत. या भागाची अवस्था साधारण तशीच असते. मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये १० ते १४ या वयात हे दुखणं जास्त दिसतं, कारण तेव्हा उंची झपाट्याने वाढते, पोटरी ताठर होते आणि खेळही नेमका याच वयात गंभीर होतो. साधारण १४-१५ पर्यंत, मुलींत थोडं आधी, ती पट्टी हाडात मिसळून जाते आणि हे दुखणं कायमचं संपतं. टाचेत पुढच्या आयुष्याला पुरेल असं काही बिघडत नाही. लंगडं होणं, टाच वाकडी होणं असलं काही नाही.

घरी एक तपासणी करून बघा. मुलाला पालथं झोपवा, पाय पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या. त्याची टाच दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, तळहातांच्या मध्ये धरा आणि लिंबू पिळावं तशी नव्हे, तर हळूहळू दाब वाढवत दाबा. आधी कमी दुखणारी डावी दाबा, मग उजवी. चेहऱ्याकडे बघा, तोंडाने 'नाही दुखत' म्हणणारी पोरं डोळे मिटून घेतात. बाजूंनी दाबल्यावर टाचेच्या मागच्या एक-तृतीयांश भागात चमक निघाली तर आपलं निदान जवळपास पक्कं. दुखणं फक्त तळव्याच्या मध्यावर असेल, किंवा घोट्याच्या वर टाचेच्या शिरेवर असेल, किंवा टाचेला हातसुद्धा लावू देत नसेल, तर गोष्ट वेगळी आहे.

आणि हो, पाय धुऊन उजेडात टाचेची कातडी नीट बघा. हे सांगताना संकोच वाटत नाही, कारण टाच दुखते म्हणून एक्स-रेपर्यंत पोचलेल्या मुलाच्या टाचेत कधीकधी बाभळीचा काटा मोडलेला निघतो. कुरूप असतं, चामखीळ असते, बुटाच्या मागच्या शिवणीने पडलेला फोड असतो. दोन मिनिटांत कळतं.

एक्स-रेच्या रिपोर्टचं आता सांगते, कारण तुमची झोप त्यानेच उडवलीय. या वयात टाचेचा तो मागचा तुकडा एक्स-रेत पांढराशुभ्र आणि दोन-तीन भागांत तुटल्यासारखा दिसणं हे नॉर्मल आहे. ज्या मुलाची टाच कधीच दुखली नाही त्याचाही एक्स-रे असाच दिसतो. तुमच्या मुलाची डावी टाच कमी दुखते ना? तिचा एक्स-रे काढला तर तोही बहुधा असाच येईल. (काढू नका. उगीच कशाला.) म्हणजे सेव्हर्सचं निदान एक्स-रेवर होत नाही, ते हाताने आणि हकिगतीवर होतं. एक्स-रे काढतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला: फ्रॅक्चर, हाडातली गाठ किंवा पोकळी, संसर्ग. तुमच्या रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलं नाही, म्हणजे एक्स-रेने त्याचं काम केलं. 'टाचेचं हाड वाढलंय' असं कुणी शेजारी म्हणाले तर ते मोठ्या माणसांचं दुखणं आहे, ११ वर्षांच्या मुलाचं नाही. युरिक ॲसिडची तपासणीही या वयात टाचेसाठी करून काही हाती लागत नाही.

पण काही लक्षणं अशी आहेत की ती दिसली तर हे उत्तर बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जायचं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. ताप. टाच लाल, गरम, सुजलेली. वजन कमी होणं. एका उडीनंतर किंवा पडल्यानंतर एकदम सुरू झालेलं दुखणं, ज्यात पाय टेकवतच नाही. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास सांधे आखडलेले असणं, सोबत गुडघा, कंबर किंवा दुसरा एखादा सांधा सुजणं. हा लहान मुलांचा संधिवात असू शकतो आणि काही मुलांत तो टाचेपासूनच सुरू होतो. आणि शेवटचं, खेळ व्यवस्थित कमी करूनही दोन-तीन महिन्यांत तसूभरही फरक न पडणं.

वय हे निदानाचं अर्धं काम करतं हेही लक्षात असू द्या. रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या बाजूला पहाटे पळणारी भरतीची पोरं टाच धरून येतात, तेव्हा त्यांना सेव्हर्स नसतो. १८-१९ व्या वर्षी ती पट्टी केव्हाच भरून आलेली असते. १६०० मीटरसाठी दोन महिन्यांत एकदम पळणं वाढवलेल्या त्या मुलांत हाडाला बारीक तडा, तळव्याच्या पडद्याचं किंवा टाचेच्या शिरेचं दुखणं शोधावं लागतं. त्यांचे उपाय तुमच्या मुलाला लावू नका आणि उलटही करू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय, "अकॅडमी आठवड्यातून तीनच दिवस असते." पण त्याच्याच पुढच्या ओळीत बाकीचं सगळं आहे. तुमच्याच पत्रावरून मी त्याचा आठवडा मांडला. अकॅडमी तीन दिवस दीड-दीड तास, म्हणजे साडेचार तास. शाळेच्या टीमची सकाळची प्रॅक्टिस तीन दिवस. वेळ तुम्ही लिहिली नाही, पण शाळेआधी दीड तास धरला तर आणखी साडेचार. रविवारचे तीन. शाळेचे पीटीचे दोन तास तुम्ही लिहिले नाहीत, तेही धरले, म्हणजे चाळीस-चाळीस मिनिटांचे, एक तास वीस मिनिटं. बोळातला फुटबॉल मंगळ, गुरु, शनि आणि रविवारी संध्याकाळी धरला तर चार तास. बेरीज १७ तास २० मिनिटं. आणि आठवड्यातला एकही दिवस असा नाही की ज्या दिवशी त्याची टाच मोकळी आहे.

क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम वापरतात: मुलाच्या वयाचा आकडा जितका, आठवड्याचे संघटित खेळाचे तास त्याच्यापेक्षा जास्त नकोत. ११ वर्षांच्या मुलाला ११ तास. तुमच्याकडे बोळातला खेळ सोडून दिला तरी १३ च्या वर जातात. शिवाय आठवड्यातून किमान एक, शक्यतो दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून दोन-तीन महिने तरी त्या एका खेळापासून लांब.

यात कुणाची चूक आहे असं मला म्हणायचं नाही. अकॅडमीचे सर त्यांच्यापुरते बरोबर आहेत, साडेचार तास काही जास्त नाहीत. शाळेच्या सरांना अकॅडमीचं माहीत नाही. तालमीच्या दादांना या दोघांचंही माहीत नाही. आणि मुलगा कुणालाच 'नको' म्हणणार नाही, कारण पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून बघितलेल्या पोराला बोळात बॉल दिसला की पाय थांबत नाहीत. हे या गावाचं भाग्यच आहे. पण बेरीज कुणीतरी करायला हवी आणि ती घरातल्यांशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. माझ्याकडे टाच दुखते म्हणून आणलेल्या मुलांच्या बाबतीत मी पायाला हात लावण्याआधी कागद पुढे करते आणि मागच्या सात दिवसांचा खेळ लिहायला सांगते. बहुतेक वेळा निदान त्या कागदावरच होतं.

म्हणून तुमचे डॉक्टर आणि तुमचे सर, दोघांचंही मला अर्धं पटतं. सर म्हणतात तसं हे वाढीचंच दुखणं आहे. पण म्हणून लंगडत खेळू द्यावं हे त्यातून निघत नाही. डॉक्टर म्हणतात तसा आराम हवा. पण सहा आठवडे घरात बसवून सातव्या आठवड्यात पुन्हा १७ तास सुरू केले तर दुखणं पंधरा दिवसांत परत येतं. आणि मधल्या काळात तो रडका, चिडका होतो आणि लपूनछपून खेळतो ते वेगळंच. प्लास्टर किंवा जाड बूट दोन-तीन आठवड्यांसाठी फार दुखणाऱ्या, पाऊल टेकवता न येणाऱ्या मुलांना कधीतरी लागतं. तुमच्या मुलाला लागेल असं पत्रावरून वाटत नाही.

मी असं करीन. सध्या तो मॅचनंतर लंगडतोय, म्हणून पहिले दोन आठवडे पळणं आणि उड्या पूर्ण बंद. मैदानावर जाणं बंद नाही. अकॅडमीत जाऊ दे, बसून-उभ्याने बॉल कंट्रोल, पोटाचे-पाठीचे व्यायाम, सरांच्या शेजारी उभं राहून मॅच समजून घेणं. सायकल चालवू दे. पोहता येत असेल तर उत्तमच, पाण्यात टाचेला दणका नसतो. यानंतर चालताना-जिना चढताना दुखणं गेलं असेल तर अकॅडमीचे दोन दिवस सुरू करायचे, सोमवार आणि शुक्रवार, पाऊण तास. त्यात स्प्रिंट नाही, हेडरसाठी उड्या नाहीत. आठवड्याने तास पूर्ण. मग तिसरा दिवस. मग रविवारची अर्धी मॅच. शाळेची सकाळची प्रॅक्टिस मात्र या सत्रात सोडून द्या असंच मी म्हणेन. पहाटे उठून थंड अंगाने, वॉर्मअप नीट न करता मैदानाला राऊंड मारायचे आणि तसंच शाळेत बसायचं, यातून ११ वर्षांच्या मुलाला फुटबॉल फारसा मिळत नाही. पीटीच्या सरांना चिठ्ठी द्या. बोळातला खेळ शेवटी सुरू करा, पण तो कायमचा तोडू नका. तिथे तो स्वतःच्या मर्जीने खेळतो, दुखलं की गोली होतो. अडचण आहे ती बोळातल्या सिमेंट काँक्रीटची आणि अनवाणी खेळण्याची, तेव्हा बूट घालून.

किती दुखलं तर थांबायचं, यासाठी शून्य ते दहा असं मोजायला शिकवा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे रडू येईल असं. खेळताना दोनपर्यंत चालेल. तीनवर गेलं की बाहेर. आणि आकडा काहीही सांगू दे, लंगडला की बाहेर, यात तडजोड नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठून न्हाणीपर्यंत जाताना पहिली दहा पावलं बघा, मग टाच तशीच बाजूंनी दाबून बघा. कालच्याइतकीच किंवा कमी दुखत असेल तर कालचा खेळ पचला. जास्त दुखत असेल तर पुढचा दिवस सुट्टी आणि त्याच्या पुढच्या खेपेला खेळ थोडा कमी. हे तंत्र पोरं चटकन शिकतात. आकडा कमी करून सांगणारे महाभागही असतात, त्यांच्यासाठीच ती सकाळची दहा पावलं.

मॅच आहे म्हणून आधी पेनकिलर देऊन मैदानात उतरवणं हे मला अजिबात मान्य नाही. दुखणं झाकलं की तो जास्त पळतो, रात्री जास्त रडतो. डॉक्टरांनी त्रास कमी करायला एक-दोन दिवस गोळी दिली तर ठीक, डोस त्यांनीच ठरवायचा. ॲस्पिरिन लहान मुलांना स्वतःहून कधीही देऊ नका. आणि या टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा आणि दुसरं मत घ्या.

बुटांकडे वळू, कारण इथे थोड्या पैशांत बराच फरक पडतो. फुटबॉलच्या स्टडवाल्या, म्हणजे तळाला खुंट्या असलेल्या, बुटांना टाचेकडे उंची जवळजवळ नसते, उलट कडक जमिनीत स्टड रुतला नाही की टाच पुढच्या पावलापेक्षा खाली गेल्यासारखी होते आणि शीर आणखी ताणली जाते. आपल्याकडे पाऊस संपला की मैदानं वाळत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये गांधी मैदानासारखी मातीची जमीन दगड होते. त्यावर लांब स्टडचे बूट म्हणजे प्रत्येक स्टडखाली टाचेला टोच. कोरड्या जमिनीवर बारीक, दाट रबरी स्टडचे टर्फ शूज घ्या. बूट हातात घेऊन मागची बाजू अंगठ्याने दाबा, ती पुठ्ठ्यासारखी चेमटली तर ठेवून द्या. मध्यातून दुमडून बघा. चवड्यापाशी वाकायला हवा, मध्यावर वाकला तर तोही नको. आणि 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. मोठ्या बुटात टाच वर-खाली घासते आणि मुलगा बूट पायात राहावा म्हणून नकळत पोटरी आवळून पळतो.

बुटाच्या आत टाचेखाली सिलिकॉनचं हील पॅड घाला, सर्जिकल दुकानात काही शे रुपयांत जोडी मिळते. साधारण एक सेंटिमीटर जाडीचं. एकच टाच दुखत असली तरी दोन्ही बुटांत, नाहीतर एक पाय उंच होतो. खेळाच्या बुटात घाला आणि शाळेच्या बुटातही घाला, तो दिवसाचे सहा-सात तास शाळेच्या बुटात असतो हे सगळे विसरतात. कोल्हापुरी चप्पल सणाला, लग्नाला घालू दे, पण सध्या रोजची नको. तिचा तळ सपाट आणि कडक, टाचेला काहीच उशी नाही. घरात फरशीवर अनवाणी फिरण्यापेक्षा टाचेला थोडी उंच, मऊ स्लिपर द्या. सासूबाईंना घरात चप्पल चालत नसेल तर एक जोडी फक्त घरासाठी वेगळी ठेवा, मार्ग निघतो.

सासूबाईंच्या शेकाचं आता जरा नाजूक आहे. रुईचं पान, तापवलेली वीट, त्यावर टाच दाबायची, हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलाय आणि मोठ्या माणसांना त्याने तात्पुरतं बरंही वाटतं. या मुलासाठी तो थांबवा. उष्णतेने त्याची ग्रोथ प्लेट लवकर भरत नाही, आणि ज्या जागेला दाबलं की दुखतं तीच जागा विटेवर दाबायची यात अर्थ नाही. पोरांची कातडी पातळ असते, भाजतं. बिब्बा तर चुकूनही लावू नका. त्याने उठलेले फोड आणि जखमा बऱ्या होईपर्यंत टाचेचं मूळ दुखणं बाजूलाच राहतं. खेळून आल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, त्याने निदान ठणका कमी होतो. सासूबाईंना हात लावायचाच असेल, आणि नातवाला आजीचा हात हवाच असतो, तर तेल लावून पोटरीला मालिश करू द्या. हलक्या हाताने, गुडघ्याखालून घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत. टाच सोडून.

कॅल्शियमने टाच थांबणार नाही. रक्तात ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढणं चांगलंच, पण ते हाडांच्या एकूण तब्येतीसाठी. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध पाजलं म्हणून टाच दुखायची राहते असं नाही, आणि पाजू नका असंही नाही. मुलगा वजनाने जास्त असेल तर मात्र टाचेवरचा भार तेवढा वाढतो. त्याला 'जाड्या' न म्हणता घरातलंच खाणं सुधारता येतं.

व्यायामाविषयी माझ्याच, म्हणजे फिजिओथेरपीच्या, धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट सांगते. नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांचे तीन गट केले होते. एकाला नुसतं दुखणाऱ्या हालचाली टाळून वाट बघायला सांगितलं, एकाला टाचेखाली पॅड दिलं, एकाला फिजिओथेरपीचे व्यायाम. तीन महिन्यांनी तिन्ही गटांना जवळपास सारखाच फायदा झाला होता. तेव्हा कुणी तुम्हाला महिनाभराच्या मशीनच्या शेकाचं पॅकेज देत असेल तर पैसे वाचवा. व्यायाम मी देते ते टाच बरी करायला कमी आणि परतल्यावर पोटरी तयार असावी म्हणून जास्त.

तेही दुखणं शांत झाल्यावर. पहिल्या दोन आठवड्यांत जोरात पोटरी ताणली तर ती नेमकी त्या दुखऱ्या तुकड्यालाच ओढते. त्यानंतर भिंतीला हात टेकवून, एक पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा सरळ ठेवून तीस सेकंद. मग तोच पाय थोडा जवळ घेऊन गुडघा वाकवून तीस सेकंद. प्रत्येकी तीनदा. पोटरीत ओढ जाणवावी, टाचेत नाही. नंतर दोन्ही पायांवर टाचा उचलणं, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, सपाट जमिनीवर दहा-बारा वेळा. न दुखता जमलं की एका पायावर. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली लोंबवायचा जो प्रकार मोठे खेळाडू करतात तो या वयात या दुखण्यात करू नका. फरक बघायचा असेल तर भिंतीसमोर अंगठा ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला लावा, पाऊल हळूहळू मागे घेत जा आणि जिथे टाच उचलायला लागते ते अंतर टेपने मोजा. दर महिन्याला. उजव्या-डाव्यात दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर फिजिओथेरपिस्टला घोटा दाखवा.

भिंतीपाशी आहातच तर उंचीचीही खूण करा, दर तीन महिन्यांनी. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते. वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरसुद्धा. तुमच्या मुलाचा तो काळ अजून यायचाय. म्हणजे आता बरं झालं तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत टाच पुन्हा डोकं वर काढू शकते, कधी टाचेऐवजी गुडघ्याखालचं हाड दुखायला लागतं, त्याचंही कारण हेच. ज्या तिमाहीत भिंतीवरची खूण एकदम वर गेली त्या तिमाहीत खेळाचे तास आपणहून थोडे कमी करायचे, दुखायची वाट न बघता.

हे उत्तर कुस्तीच्या पोरांचे पालकही वाचतील म्हणून दोन ओळी. तांबड्या मातीने टाचेला त्रास होत नाही, ती मऊ असते. त्रास होतो तो पहाटेच्या डांबरी रस्त्यावरच्या पळण्याने आणि शेकड्याने मारलेल्या बैठकांनी, कारण बैठकीत टाच उचललेली असते आणि सगळा भार चवडा-पोटरीवर येतो. वस्तादांना सांगून महिनाभर बैठका निम्म्या करा आणि पळणं डांबरावरून मातीवर आणा. जोर, दोरी चढणं, डावांचा सराव चालू ठेवता येतो. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ पळत चढवणं बंद. चढावर टाच सगळ्यात जास्त ताणली जाते.

शेवटी कॅम्प. पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा. दिवसातून एक वेळ आहे की सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, आणि मैदान कुठलं. दोन वेळांचा असेल तर फक्त सकाळची वेळ घ्या, आणि तेवढे दिवस बोळ बंद. त्या आधीच्या आठवड्यात तो पूर्ण दीड तास खेळून दुसऱ्या सकाळी न लंगडता उठला पाहिजे आणि टाच दाबल्यावर डोळे मिटले नाही पाहिजेत. एवढं झालं तर पाठवा, बॅगेत हील पॅड आणि सरांना देण्यासाठी चिठ्ठी घालून. नाही झालं तर पैसे भरलेले असले तरी नको. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मैदानं तशीही आपोआप बंद होतात, तेवढ्या वेळात टाचेलाही विश्रांती मिळेल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तो पुन्हा संघात असेल.